सस्पेन्शन बदलल्यानंतरची अलाइनमेंट: हे आकडे नेमक्या कोणत्या उंचीचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर जुन्या स्पोर्ट्स कार विकत घेऊन त्या आपल्या आवडीप्रमाणे सजवणाऱ्या तरुणांविषयीचा लेख अलीकडेच वाचनात आला. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरची जोडी), आखूड स्प्रिंगा, जाड अँटिरोल बार (गाडीचे झुकणे रोखणारा दांडा) यांची त्यात सविस्तर माहिती होती आणि ती बरीचशी बरोबरही होती. मात्र हे सगळे बसवून झाल्यावर चाकांचे काय, या प्रश्नाची बोळवण व्हील अलाइनमेंट (म्हणजे चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावी एवढ्या एका सूचनेवर झाली. उमेदीची सारी वर्षे पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगात सस्पेन्शनच्या कामात घालवलेला माणूस म्हणून मला असे वाटते, की खरा प्रश्न नेमका त्या सूचनेपाशी सुरू होतो. सस्पेन्शन बदललेल्या गाडीची अलाइनमेंट म्हणजे कारखान्याच्या आकड्यांशी चाके जुळवून देणे नव्हे. गाडी कोणत्या उंचीवर बसणार हे आधी ठरवायचे, त्या उंचीला आणि त्या वापराला कोणते कोन योग्य ते मग ठरवायचे आणि यंत्रावर गाडी चढवायची ती त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटा चालतो.

टायरच्या दुकानात अलाइनमेंट-बॅलन्सिंग म्हणून जे होते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. गाडी रॅम्पवर येते, चारही चाकांना टार्गेट, म्हणजे यंत्राने कोन मोजण्यासाठीच्या खुणेच्या पाट्या, अडकवली जातात, यादीतून मॉडेल निवडले जाते आणि पडद्यावर लाल-हिरवे चौकोन उमटतात. मग मेकॅनिक टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) लॉकनट सैल करून पुढचा टो, म्हणजे चाके किती आत-बाहेर वळली आहेत ते, जुळवतो, चौकोन हिरवे होतात आणि गाडी खाली उतरते. या पद्धतीला मी नावे ठेवणार नाही. आपल्या बहुसंख्य हॅचबॅक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई) असतो. त्यांत कारखान्यानेच पुढच्या टोखेरीज फारसे काही हलवता येईल अशी सोय ठेवलेली नसते, त्यामुळे मेकॅनिकचा हात तेवढ्याच कामावर बसला तर त्यात नवल नाही. अडचण होते ती चारही कोपऱ्यांवर स्वतंत्र सस्पेन्शन असलेली आणि त्यातच उंची कमी केलेली गाडी त्याच रॅम्पवर, त्याच अर्ध्या तासात उरकली जाते तेव्हा.

गाडी खाली घेतल्यावर आत काय घडते, ते थोडक्यात सांगतो. चाक समोरून पाहिले असता उभ्या रेषेपासून जेवढे कलते तो कॅम्बर. वरची कड आत झुकली की तो ऋण. वरून पाहिले असता चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, फाकलेली असतील तर टो-आउट. स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती फिरते, त्याचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कॅस्टर. स्ट्रटच्या गाडीची उंची कमी केली की सुरुवातीला ऋण कॅम्बर वाढतो. पण लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) आडवा होऊन त्याचे बाहेरचे टोक आतल्या टोकाच्या वर गेले, की पुढे चाक दाबले जाताना कॅम्बर वाढण्याऐवजी कमी होऊ लागतो. म्हणजे वळणावर गाडी झुकते आणि बाहेरच्या चाकाला कॅम्बरची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो हातचा जातो. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो, त्यापेक्षा रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, अधिक खाली घसरतो, त्यामुळे खाली बसवलेली गाडी त्याच स्प्रिंगांवर उलट जास्त झुकू पाहते. टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन बदलल्याने खड्ड्यावर चाक वरखाली होताना टोही बदलू लागतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात, आणि रॅम्पवर स्थिर उभ्या असलेल्या गाडीत तो दिसतच नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. ओळखीतल्या एका तरुणाने जुनी पोर्श बॉक्स्टर घेतली, ९८७ या पिढीतली. कॉइलओव्हर बसवून ती बरीच खाली घेतली. काही महिन्यांतच मागचे टायर आतल्या बाजूने इतके खाल्ले गेले की तारा दिसू लागल्या, आणि बाहेरून पाहावे तर नक्षी जवळपास नवी. एका मोठ्या दुकानात अलाइनमेंट झालेली होती आणि तिची प्रिंटही त्याने जपून ठेवली होती. त्या प्रिंटवर मागचा एकूण टो अधिक १८ मिनिटे (अधिक म्हणजे टो-इन), म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत मोजलेला, आणि चौकोन हिरवागार. पण एकेका चाकाचा आकडा पाहिला, तर डावे चाक २२ मिनिटे आत वळलेले आणि उजवे ४ मिनिटे बाहेर. दोन्ही चाके उजवीकडेच तोंड करून होती. बेरीज १८ येते हे खरे, पण मागचा अक्ष गाडीच्या मध्यरेषेशी १३ मिनिटांचा कोन करून ढकलत होता. हा थ्रस्ट अँगल. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग उजवीकडे तीन-चार अंश वळलेले राहते, अशी त्या मुलाची तक्रार होती. दुकानदाराने पुढचे टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिले. दुखणे मागे आणि मलम पुढे, असा तो प्रकार.

उजव्या चाकाचा टो आत का घेतला नाही, हे गाडीखाली गेल्यावर कळले. या गाडीत मागचा कॅम्बर आणि मागचा टो दोन्ही विक्षेपी बोल्टांनी, म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या गोल चकतीच्या बोल्टांनी बदलतात आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. कॅम्बरचा बोल्ट हलवला की टो सरकतोच. गाडी इतकी खाली होती की कॅम्बर २ अंश २० मिनिटांपर्यंत गेला होता आणि टोचा बोल्ट आपल्या टोकाला जाऊन टेकला होता. मेकॅनिकला पुढे वावच नव्हता. तसे त्याने सांगितले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण पडद्यावर एकूण टो हिरवा दिसत असल्याने ते सांगण्याची वेळच आली नाही.

उपाय महाग नव्हता, वेळखाऊ होता. गाडी मागून १० मिलिमीटर आणि पुढून त्याहून थोडी कमी वर घेतली. मागे लांबी बदलता येणारे टो लिंक, म्हणजे टो ठरवणारे दांडे, बसवले, म्हणजे विक्षेपी बोल्टाच्या मर्यादेचा प्रश्न उरला नाही. पुढे या गाडीत स्ट्रटच्या वरच्या माउंटला लांबट भोके असतात. तीन नट सैल करून माउंट आत सरकवला की कॅम्बर वाढतो, पण फार नाही. दोन्ही बाजूंना ऋण १ अंश मिळाला, तेवढा रस्त्यासाठी पुरेसा वाटला. याहून जास्त हवा असता, तर शिम (पातळ चकत्या) घालून लांबी वाढवता येणारे दुभागी लोअर आर्म घ्यावे लागले असते. मागे ऋण १ अंश ४५ मिनिटे कॅम्बर, प्रत्येक चाकाला १० मिनिटे टो-इन, पुढे अगदी थोडा टो-इन आणि थ्रस्ट अँगल जवळजवळ शून्य, असे सारे जुळल्यावर गाडी घाटात कशी वागली, याचे वर्णन मी त्या मुलावर सोडतो. तो ते माझ्यापेक्षा जास्त रंगवून करतो.

उंचीचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढतो आहे, कारण यंत्रातले कारखान्याचे आकडे एका विशिष्ट उंचीसाठीच असतात आणि ही गोष्ट गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी कधी लपवलेली नाही. मर्सिडीजच्या पद्धतीत सस्पेन्शनच्या आर्मचा कल कोनमापकाने मोजतात आणि त्या कलानुसार कॅम्बरचा व टोचा अपेक्षित आकडा तक्त्यातून काढतात. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या पिढ्यांसाठी पुढच्या दोन्ही आसनांवर प्रत्येकी ६८ किलो, मागच्या आसनाच्या मध्यभागी ६८ किलो आणि डिकीत २१ किलो वजन ठेवून, टाकी भरून मोजमाप करण्याचा दंडक होता. पोर्शही साध्या आणि स्पोर्ट सस्पेन्शनसाठी उंचीचे वेगवेगळे आकडे देते. असे असताना आपल्या दुकानांतल्या प्रिंटवर चार कोपऱ्यांच्या उंचीचा रकाना बहुधा कोराच असतो. उंची लिहिली नसेल, तर ते कोन कोणत्या गाडीचे म्हणायचे? आणि उंची मोजायची ती मडगार्ड आणि टायर यांच्या फटीत बोटे घालून नव्हे. टायर झिजला की ती फट नेमके काय सांगते ते कळत नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरावा. कारखान्याने गाडीच्या तळावर नेमून दिलेल्या बिंदूंपासून मोजता आले तर उत्तमच.

कॉइलओव्हरच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो वजनाचा. आट्यांवरची रिंग फिरवून प्रत्येक कोपरा वेगळा वरखाली करता येतो, आणि चारही फटी एकसारख्या दिसाव्यात म्हणून लोक तेच करतात. पण एक पाय आखूड असलेली खुर्ची जशी कर्णावरच्या दोन पायांवर भार टाकून उभी राहते, तशी ती गाडी एका कर्णावर जास्त भार देऊन उभी राहू शकते. अशी गाडी डाव्या वळणावर एक वागते आणि उजव्या वळणावर दुसरे; ब्रेक जोरात दाबला की एक पुढचे चाक आधी अडकते. त्यासाठी चार स्वतंत्र वजनकाट्यांवर गाडी उभी करून, चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतकी पोती ठेवून आणि अँटिरोल बारचा एक दुवा सोडून कर्णांतला भार जुळवावा लागतो. हे काम अलाइनमेंटच्या आधीचे, कारण रिंग फिरली की उंची बदलते आणि उंची बदलली की कोन बदलतात. म्हणून आधी टायरमधली हवा, मग उंची, मग वजन, त्यानंतर कॅस्टर आणि कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी. त्यातही आधी मागची चाके आणि मग पुढची, कारण पुढची चाके मागच्या अक्षाच्या दिशेशी जुळवायची असतात.

आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांकडे तर जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. नवे सस्पेन्शन बसवताना गाडी लिफ्टवर लटकलेली असते आणि लोअर आर्मचे बोल्ट त्याच अवस्थेत करकचून आवळले जातात. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो. तो गाडीला थोडे वर धरून ठेवतो, मोजमाप फसवतो आणि लवकर फाटतो. ते बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर आवळायचे. तसेच नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटर चालल्यावर थोड्या बसतात, तेव्हा पहिल्याच दिवशीची अलाइनमेंट ही तात्पुरती समजून पुढे पुन्हा एकदा मोजावे.

मोजमापाच्या एककांतही बरेच घोटाळे होतात. काही यंत्रे अंश आणि मिनिटे दाखवतात, काही दशांश. १ अंश २० मिनिटे म्हणजे १.२० नव्हे, १.३३, आणि ०.३० अंश म्हणजे ३० मिनिटे नव्हे, फक्त १८. परदेशातल्या एखाद्याने सुचवलेले आकडे टिपून आणणारा ग्राहक आणि ते यंत्रात भरणारा मेकॅनिक यांच्यात हा फरक कोणी बोलून दाखवला नाही, तर दोघेही आपल्या परीने बरोबर असून गाडी चुकीची जुळते. मिलिमीटरचेही तेच. १८ इंची रिमच्या कडेवर मोजलेला १० मिनिटांचा टो सुमारे १.३ मिलिमीटर भरतो, तर टायरच्या बाहेरच्या परिघावर सुमारे १.९. टो नुसता मिलिमीटरमध्ये सांगितला आणि कुठे मोजला हे सांगितले नाही, तर तो आकडा निरुपयोगी आहे. आणि १० मिनिटे हे प्रकरण क्षुल्लकही नाही: चाकाचे तोंड आणि गाडीची दिशा यांत एवढा फरक असला, तर तो टायर दर किलोमीटरमागे जवळपास ३ मीटर आडवा घासला जातो. टायर आतून खाल्ले जाण्याचा दोष लोक कॅम्बरला देतात; माझ्या अनुभवात बऱ्याचदा खरा गुन्हेगार टो असतो, कॅम्बर फक्त झीज कोणत्या कडेला होणार ते ठरवतो.

एका प्रथेबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. ज्या गाडीत कॅम्बर बदलण्याची सोय नाही, तिथे साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसते तो ओतीव भाग) वाकवायचा आणि याला कॅम्बर काढणे म्हणायचे, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. पडद्यावरचा आकडा त्याने जरूर सुधारतो. पण शॉकअब्सॉर्बरचा दांडा ज्या नळीत सरकतो ती नळी आणि नकलचे ओतीव धातूचे काम यांना कुठे, किती ताण बसला, हे कोणालाच कळत नाही. नव्या, महागड्या कॉइलओव्हरवर हा प्रयोग होताना पाहून माझा जीव वर-खाली झाला आहे. कॅम्बर बोल्ट मिळतात, वरच्या कॅम्बर प्लेट मिळतात, टॉर्शन बीमच्या गाड्यांना मागच्या स्टब अॅक्सलखाली (चाकाच्या आखूड आसाखाली) घालायचे तिरके शिम असतात. यांपैकी काहीच बसत नसेल, तर गाडी थोडी वर घ्यावी. ग्राहकाला हे ऐकणे आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

काम झाल्यावरच्या चाचणीविषयी एक बाब. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि पावसाचे पाणी निघून जावे म्हणून दुपदरी रस्ता मध्यापासून कडेकडे उतरता असतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणे हा दोष असेलच असे नाही. मोकळ्या, शक्य तितक्या सपाट जागी दोन्ही दिशांना चालवून पाहिल्याशिवाय निवाडा करू नये. दोन्ही दिशांना एकाच बाजूला ओढत असेल, तर पुढची चाके आपसात अदलाबदल करून पाहावीत. ओढ बाजू बदलते तेव्हा कोनांत काही नसते, टायरमध्ये असते. अर्थात, टायर विशिष्ट दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे असतील तर ही अदलाबदल चाचणीपुरतीच ठेवावी. टो बदलल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्यबिंदूही नव्याने नोंदवावा लागतो, नाहीतर घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालकाला कुठे जायचे आहे याचा चुकीचा अंदाज घेते.

शर्यतीच्या ट्रॅकवरचे आकडे रोजच्या गाडीवर चढवण्याचा मोहही टाळला पाहिजे. कोइंबतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ऋण ३ अंश कॅम्बर आणि पुढे टो-आउट ठेवणाऱ्याला प्रत्येक फेरीत वळणांचा लाभ मिळतो आणि झिजलेले टायर तो हिशेबात धरूनच येतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सरळ धावणाऱ्या गाडीत त्याच मांडणीने स्टिअरिंग अस्वस्थ होते आणि मुसळधार पावसात तर ते धोक्याचे ठरते. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये ठरवून दिलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच होता, पण आपल्या गल्ल्यांत तो त्या मापाचा क्वचितच सापडतो. फार खाली घेतलेल्या गाडीचे सस्पेन्शन त्यावर तळाला आपटते आणि आदल्या दिवशी जुळवलेले विक्षेपी बोल्ट जागचे हलतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात केलेले कोणते फेरबदल चालतात आणि कोणते नाहीत, हा स्वतंत्र विषय आहे आणि गाडीला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने तो समजून घ्यावा.

दुकानदारांचीही बाजू आहे. काही लाखांचे सस्पेन्शन बसवणारा ग्राहक अलाइनमेंटच्या वेळी काहीशे रुपयांवर घासाघीस करतो आणि गाडी तासाभरात मागतो. गंजलेले बोल्ट सोडवणे, वजने ठेवणे, कॅस्टरसाठी चाके दोन्हीकडे वळवून मोजणे, टर्न प्लेटच्या (पुढच्या चाकांखालच्या फिरत्या थाळ्यांच्या) खिळ्या काढल्या आहेत की नाही ते पाहणे आणि प्रत्येक बदलानंतर गाडी हलवून पुन्हा बसवणे यात अर्धा दिवस सहज जातो. त्या वेळेचे दाम मागण्याचा दुकानदाराला हक्क आहे, आणि तो त्याने उघडपणे मागावा. त्या बदल्यात ग्राहकाला कामाच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मोजमापे छापून मिळावीत, त्यांत प्रत्येक चाकाचा टो स्वतंत्र दिसावा, चार कोपऱ्यांची उंची, टायरमधली हवा आणि गाडीत ठेवलेले वजन लिहिलेले असावे, आणि जे जुळवता आले नाही ते का आले नाही, हे मेकॅनिकने हाताने का होईना खाली नोंदवावे. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या शिक्षणात अशी प्रिंट वाचण्याचा सराव करून घेतला, तर पुढच्या पिढीतल्या मुलांना हे कोणी वेगळे सांगावे लागणार नाही. आपल्या वाहनविषयक पानावर अशीच एखादी प्रिंट छापून तिचा एकेक रकाना वाचकांना समजावून सांगावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी वर उल्लेख केलेल्या बॉक्स्टरच्या दोन्ही प्रिंट तिच्या मालकाच्या संमतीने मी पाठवू शकेन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाहन अभियंता,
चिंचवड, पुणे